चोथ्याचे दाम कोणाच्या पदरात?



मोर्चासाठी, कोर्टाच्या कामासाठी, नाही तर घरातल्या आजारी माणसाला परळच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायला म्हणून आपल्यापैकी पुष्कळ जण कधी ना कधी मुंबईला जाऊन आले आहेत. दादर स्टेशनाबाहेर पडले, की पहिली भूक वडापाववर भागते. १९६६ च्या सुमारास याच स्टेशनाबाहेर वडापावची पहिली गाडी लागली असे सांगतात. परळ-लालबागच्या गिरण्यांतल्या कामगारांनी पाळीवर जाता-येता तो खाल्ला आणि वडापाव मुंबईचा झाला.

आता त्या पावाचा हिशेब करू. वड्यातला बटाटा शेतकऱ्याचा, बेसन हरभऱ्याचे, पाव गव्हाचा. एवढे कोणीही सांगेल. पण पाव फुगवायला यीस्ट लागते आणि ते यीस्ट कारखान्यात मळीवर वाढवतात. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर मागे राहणारा काळा, चिकट रस. उसाच्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास मळी निघते. पिढ्यान्‌पिढ्या तिला कारखान्याचा टाकाऊ माल म्हटले गेले. त्या टाकाऊ मालावर पावाचे यीस्ट वाढले, दारू निघाली, औषधांच्या आणि रंगांच्या कारखान्यांना लागणारा अल्कोहोल निघाला. टाकाऊ कोणासाठी आणि कमाऊ कोणासाठी, हा प्रश्न आम्ही या अंकात तुमच्यापुढे ठेवतो आहोत. वरवर पाहता तो प्रयोगशाळेतला विषय आहे. पण आमच्या मते तो सरळ सरळ शेतीमालाच्या भावाचा विषय आहे.

मोड आलेली ज्वारी

प्रयोगशाळेत शिरण्याआधी आपल्या चुलीपाशी थांबू. ज्वारीचा दाणा चावला तर पिठूळ लागतो. तोच भिजवून मोड आणला, की गोडसर लागतो. साखर कोणी घातली? कोणीच नाही. मोड येताना दाण्यातच एक द्रव्य तयार होते आणि ते पिठाची लांबलचक साखळी तोडून तिची साखर करते. त्या द्रव्याचे नाव अमायलेज. अशा द्रव्यांना एन्झाइम म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्यालाच विकर म्हटले आहे. एन्झाइम म्हणजे किल्ली समजा. एका किल्लीने एकच कुलूप उघडते आणि कुलूप उघडून किल्ली झिजत नाही, ती पुढच्या कुलपाला लागते. म्हणून थोड्या एन्झाइमने मोठे काम होते आणि म्हणूनच त्याला किंमत येते. पिठाची साखर करणारे अमायलेज, चरबी तोडणारे लायपेज, फळाच्या सालीतला चिकट पेक्टिन तोडणारे पेक्टिनेज, दुधातली साखर तोडणारे लॅक्टेज, अशी ही यादी लांब आहे.

ही किल्ली कोण घडवते? प्रत्येक जिवंत पेशी घडवते. पण कारखान्याला ती ढिगाने हवी असते, म्हणून सूक्ष्म जीवांना कामाला लावतात. बाजारातली बहुतेक एन्झाइमे बुरशी आणि जिवाणू यांच्याकडून करून घेतात, हे आधीच सांगून टाकतो. यीस्ट हा त्यांतला एक कामकरी. पण तो गुणी आहे, झपाट्याने वाढतो आणि माणसाच्या ओळखीचा आहे. त्याच्या जाती पुष्कळ आणि प्रत्येकीची खाण्याची आवड वेगळी. पावाच्या यीस्टला साखर चालते, पण पिठाचा कण पचत नाही आणि दुधातली साखरही पचत नाही. दुसऱ्या जातीचे यीस्ट मात्र तेच मिटक्या मारत खाते. ज्याला जे खायचे, त्याची किल्ली तो घडवतो. म्हणून कारखान्याच्या सांडपाण्यात काय उरले आहे ते पाहायचे, ते खाणारे यीस्ट शोधायचे, त्यावर ते वाढवायचे आणि त्याने घडवलेली किल्ली काढून घ्यायची. सगळी विद्या एवढीच, आणि ती सोपी नाही.

गिरगावचा चक्का, मुंबईचा समुद्र

गिरगाव-दादरच्या दुग्धालयांतले श्रीखंड सगळ्यांना ठाऊक आहे. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतात, पाणी निथळते आणि चक्का उरतो. ते निथळलेले पाणी जाते कुठे? बहुतेक ठिकाणी गटारात. घरी आपण त्यात कणीक भिजवतो किंवा ते जनावरापुढे ठेवतो, पण शेकडो लिटर पाण्याचे काय करणार? अशा हजार लिटर पाण्यात ४० ते ५० किलो दुधाची साखर असते. दूध आपल्या गोठ्यातले, साखर त्याच दुधातली. गटारात गेल्यावर ती नासते आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. म्हणून प्रदूषणवाल्यांना दुग्धालयाचे पाणी डोळ्यासमोर नको असते. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस नावाचे यीस्ट नेमकी ही साखर खाते आणि तिच्यासाठी लॅक्टेज घडवते. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी दुधातली साखर आधीच तोडून ठेवायला हेच लॅक्टेज वापरतात. म्हणजे चक्क्याच्या पाण्यातून निघालेली किल्ली पुन्हा दुधाच्याच धंद्यात चढ्या भावाने विकली जाते. हेच यीस्ट फळाच्या सालीवर वाढवले तर पेक्टिन तोडणारे एन्झाइमही देते. नागपूरकडच्या संत्रेवाल्यांनी ही गोष्ट टिपून ठेवावी.

दुसरे उदाहरण थेट मुंबईच्या समुद्रातले. मुंबईजवळच्या तेलाने माखलेल्या समुद्राच्या पाण्यातून संशोधकांनी तेल खाणारे एक यीस्ट वेगळे केले. त्याचे नाव यारोविया लिपोलिटिका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगाला उपयोगी सूक्ष्म जीवांचा संग्रह आहे. त्यात ३५८९ हा त्याचा क्रमांक. या जातीची यीस्ट तेल-चरबीवर वाढताना लायपेज सोडतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे यीस्ट पामतेलाच्या एका भारतीय कारखान्याच्या सांडपाण्यात सोडले. पाण्यातली घाण मोजण्याचे एक माप आहे, ती घाण नष्ट व्हायला किती प्राणवायू लागेल याचे. त्या पाण्यात ते माप लिटरला अडीच लाख मिलिग्रॅमच्या घरात होते. दोन दिवसांत यीस्टने त्यातली सुमारे ९५ टक्के घाण खाऊन टाकली. मुंबईच्या घाणीत जगायला शिकलेला हा जीव आपल्या सरकीच्या तेलगिरण्यांच्या पाण्यावर कसा चालतो, हे आपल्याच विद्यापीठांनी करून दाखवावे, एवढी मागणी करायला हरकत नाही.

सरकीचे नाव निघालेच आहे. सरकीच्या पेंडीत प्रथिने भरपूर, पण गॉसिपॉल नावाचे विष असते. गाई-म्हशींना ते बऱ्यापैकी सोसते, कोंबडीला सोसत नाही. म्हणून कोंबडीच्या खाद्यात सोयाबीनची पेंड मान मिळवते आणि सरकीची पेंड बाहेर राहते. २००६-०७ च्या सुमारास चीनमधल्या संशोधकांनी कँडिडा ट्रॉपिकॅलिस नावाच्या यीस्टने सरकीची पेंड आंबवली आणि तिच्यातले मोकळे गॉसिपॉल पुष्कळ कमी होते असे दाखवले. कापूस पिकवणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पेंडीला नवे गिऱ्हाईक मिळाले तर सरकीचा भाव चढेल, आणि सरकीचा भाव चढला तर कापसाचा भाव चढायला पाहिजे. चढायला पाहिजे असे आम्ही म्हणतो, चढेलच असे म्हणत नाही. तो फरक पुढे येतोच आहे.

परळची कांजी आणि माटुंग्याची विद्या

कापूस पिकवणाऱ्याचे आणि एन्झाइमचे नाते आजचे नाही. मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली ताडदेवला उभी राहिली. मग परळ, लालबाग, भायखळा हा सगळा मुलूख गिरणगाव झाला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस रेल्वेने तिथे उतरू लागला. मागावर ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ देतात. कापड विणून झाले, की ती खळ काढावी लागते, नाही तर रंग धरत नाही. पूर्वी कापड ओले करून रात्रभर नासवत ठेवायचे किंवा तेजाबात बुडवायचे; त्यात कापडाचा दम जायचा. मग अमायलेज आले आणि खळ निमूटपणे धुऊन निघू लागली. कापसावरचे मेण आणि पेक्टिन काढायला कॉस्टिक सोड्यात कापड उकळतात. त्या कामाला आता पेक्टिनेजही वापरतात. त्यात सोडा आणि पाणी दोन्ही वाचते.

अशी विद्या शिकवायला १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. सुरुवातीचे अभ्यासक्रम दोनच होते, वस्त्र-रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. १९४३ साली विभाग दादरच्या शेजारी माटुंग्याला गेला. आज त्यालाच रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणतात. पुढे याच संस्थेतल्या जैवऊर्जा केंद्राने पिकाच्या टाकाऊ अवशेषांपासून अल्कोहोल काढण्याचे तंत्र बसवले आणि २०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला रोज दहा टन माल घेणारा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. सूक्ष्म जीवांना कामाला लावण्याची मुंबईची सवय तर त्याहून जुनी. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेगची लस होऊ लागली. तीच आजची हाफकिन संस्था. म्हणजे मुंबईला विद्या कमी नव्हती, कच्चा माल कमी नव्हता आणि भांडवलही कमी नव्हते.

मग कमी कोणाला पडले? कापूस परळला गेला, कापड होऊन परत आला, आणि मधला सगळा पैसा गिरणगावात राहिला. तोही तिथल्या कामगाराच्या पदरी फारसा पडला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. कापूस पिकवणारा आणि कापूस विणणारा दोघेही रस्त्यावर आणि जमिनीचा भाव तिसऱ्याला. हा इतिहास विसरून एन्झाइमच्या गोष्टीने हुरळून जाऊ नका, एवढ्यासाठीच तो सांगितला.

मळीने शिकवलेला धडा

टाकाऊ मालाला किंमत आली, की काय होते, याचा धडा मळीने दिला आहे. मळी गटारात जात होती तोवर ती कोणालाच नको होती. यीस्टने तिचा अल्कोहोल केला आणि तिला गिऱ्हाईक आले. गिऱ्हाईक येताच सरकार आले. १९६१ साली केंद्राने मळी नियंत्रण आदेश काढला. मळी कोणाला विकायची आणि कोणत्या भावाने, ते सरकार ठरवू लागले. ठरवलेला भाव असा, की अल्कोहोलवाल्याला माल जवळपास फुकट पडावा. उसाचा भाव ठरवताना कारखान्याच्या हिशेबात मळीची कमाई नाममात्रच दिसायची, कारण ती वाढूच दिलेली नव्हती. जून १९९३ मध्ये केंद्राने ते नियंत्रण उठवले. म्हणजे ३२ वर्षे ऊसवाल्याच्या घामावर आयत्या बिळावरचे नागोबा पोसले गेले.

हाच खेळ उद्या संत्र्याच्या सालीचा, सरकीच्या पेंडीचा, चक्क्याच्या पाण्याचा होऊ शकतो. आज जो म्हणतो, "हा कचरा आम्ही उचलून नेतो, तुमच्यावर उपकार करतो," त्याला कचऱ्यातले सोने कळलेले असते. आणि ज्या दिवशी ते आपल्याला कळेल, त्या दिवशी कोणीतरी "उद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळाला पाहिजे" असे म्हणत परवाना आणि निर्यातबंदी घेऊन उभा राहील.

काळी ज्वारी आणि दुटप्पी न्याय

कोरडवाहू शेतकऱ्याचा सगळ्यात जवळचा प्रश्न ज्वारीचा. कणीस भरताना पाऊस लागला, की खरिपाची ज्वारी काळी पडते. व्यापारी नाक मुरडतो, सरकारी खरेदी केंद्रावर ती बसत नाही. पण काळ्या दाण्यातही पीठ असतेच. ज्वारीच्या दाण्यात सुमारे दोन तृतीयांश पीठ. एक टन दाण्यापासून साडेतीनशे ते चारशे लिटर अल्कोहोल निघतो आणि तिसरा हिस्सा चोथा उरतो. पीठ निघून गेल्यामुळे त्या चोथ्यात प्रथिनांचे प्रमाण मूळ दाण्याच्या जवळपास तिप्पट होते. तो पशुखाद्यात जातो. (दाण्यावर विषारी बुरशी असेल तर तिचे विषही चोथ्यात साठते, म्हणून तपासणी हवीच.) २००७ साली राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढण्याला प्रोत्साहन दिले, तेव्हा अनुदानाची खैरात कारखानदारांवर आणि दारूचा डाग शेतकऱ्यावर असा प्रकार झाला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खाण्याला अयोग्य झालेल्या धान्याचे इथेनॉल करायला वाट दिली. अनुदान आम्हाला तेव्हाही नको होते, आजही नको. काळ्या ज्वारीला तिच्यातल्या पिठाप्रमाणे भाव द्या, रंगाप्रमाणे देऊ नका, एवढेच आमचे म्हणणे.

इथे किल्लीचा प्रश्न पुन्हा येतो. पावाच्या यीस्टला पीठ पचत नाही हे वर सांगितले. म्हणून कारखान्याला आधी अमायलेज विकत घेऊन पिठाची साखर करावी लागते. एन्झाइमच्या या धंद्यात जगात मोजक्या कंपन्या मोठ्या आहेत. अमेरिकेत २०१२ पासून मक्याच्या कारखान्यांनी असे यीस्ट वापरायला घेतले, की ज्यात दुसऱ्या जीवाचे जनुक घातल्यामुळे ते पीठ तोडणारे एन्झाइम स्वतःच घडवते. दुसरीकडे, चीज करायला पूर्वी वासराच्या कोठ्यातले रेनेट लागायचे. ते आता जनुक बदललेल्या यीस्टकडून आणि बुरशीकडून करून घेतात. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने काविळीची लस बाजारात आणली, तीही जनुक बदललेल्या यीस्टनेच घडवलेली. शहरातल्या बाळांना ती टोचली गेली, आपल्याही बाळांना टोचली गेली आणि त्यात भलेच झाले.

मग न्याय एकच असू द्या. कारखान्याच्या टाकीत बदललेले जनुक चालते. शेतकऱ्याच्या वावरात मात्र त्याला बंदी. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, बीटी वांगे २०१० पासून अडवून ठेवले आहे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणारा कापूस उघडपणे पेरला, तेव्हा त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. टाकी बंदिस्त असते, वावर उघडे असते, हा फरक आम्हाला मान्य आहे. त्यासाठी चाचण्या करा, पण निकाल लावा. वर्षानुवर्षे कागद दाबून ठेवणे याला चाचणी म्हणत नाहीत.

हुरळू नका, मागे राहू नका

आता आपल्या माणसांशी दोन शब्द. एन्झाइमचा कारखाना हा पापडाचा गृहउद्योग नव्हे. टाकी निर्जंतुक ठेवावी लागते, तापमान आणि हवा सांभाळावी लागते, वीज एक तास गेली तरी घाण नासते. जाणकार माणूस आणि भांडवल लागते. गावोगावी कोणी एन्झाइमची बाटली घेऊन येईल, फवारा मारा, उत्पन्न दुप्पट होईल म्हणेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. कोणी प्रकल्पाचे शेअर विकायला आला तर माल कोण घेणार याचा लेखी करार आधी मागा. आणि प्रत्येक चोथा टाकाऊ नसतो हेही ध्यानात ठेवा. डाळीची चुनी, कडबा, पेंड यांवर आपली जनावरे जगतात. जनावराच्या तोंडचा घास काढून कारखान्याला द्यायचा तर भाव तसाच मिळाला पाहिजे.

आमची मागणी थोडक्यात अशी. शेतीमालाचा भाव ठरवताना त्यातून निघणाऱ्या प्रत्येक जिनसेचा हिशेब धरा: कापसाच्या भावात रुईबरोबर सरकी, तेल आणि पेंड, ज्वारीच्या भावात पीठ आणि चोथा. कोणत्याही टाकाऊ मालावर नवा नियंत्रण आदेश, परवाना किंवा निर्यातबंदी लादू नका. पुण्याच्या संग्रहातली यीस्ट आणि माटुंग्याचे ज्ञान कंपन्यांना मिळते त्याच अटींवर शेतकऱ्यांच्या कंपन्यांना द्या. माटुंग्याच्या संस्थेचे मराठवाडा आवार २०१८ पासून जालन्यात आहे, कापूस-ज्वारीच्या ऐन मुलखात. तिथे काळी ज्वारी, सरकीची पेंड, पऱ्हाटी आणि संत्र्याची साल यांवर प्रयोग व्हावेत आणि त्यांचे निष्कर्ष मराठीत, शेतकऱ्यांपुढे मांडावेत.

मागणी करून घरी बसायचे नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक कागद आणावा. आपल्या पंचवीस किलोमीटरच्या आत जिनिंग, तेलगिरणी, डाळमिल, दुग्धालय, फळांचा कारखाना कोणता आहे. त्यातून महिन्याला काय आणि किती बाहेर पडते. ते कोण उचलतो आणि काय भावाने. शाळेत जाणारी मुले मदतीला घ्या, आकडे खरे लिहा, ठाऊक नसेल ती जागा कोरी सोडा. मळीच्या वेळी आपल्याजवळ असा कागद नव्हता. म्हणून ३२ वर्षे भाव दुसऱ्याने ठरवला.